इकडे नाव, तिकडे पत्ता: नाशिकहून एकट्याने जर्मनीला शिकायला जाताना

मे-जून उजाडला की ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. कधी पंचवटीतून, कधी इंदिरानगरातून, कधी निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या बागायतदाराच्या घरून. मुलाला किंवा मुलीला जर्मनीतील विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, घरातून आजवर कोणी परदेशी गेलेले नसते, आणि पहिला प्रश्न बहुधा व्हिसाचा किंवा पैशाचा असतो. हे दोन्ही प्रश्न मोठे आहेत, परंतु त्यांची उत्तरे ठरलेली आहेत आणि ती सहज मिळतात. एकट्याने जाणाऱ्याची दमछाक होते ती कागदांचा क्रम चुकल्यामुळे. मी स्वतः एकटी गेले तेव्हा हा क्रम कोणी सांगितला नव्हता. आता मागे वळून पाहता असे दिसते की नाशिकमध्ये असेपर्यंत जवळजवळ प्रत्येक काम नावावर अडते आणि जर्मनीत उतरल्यावर पत्त्यावर. हे दोन धागे आधी सोडवले, तर बाकीची कामे वेळखाऊ असली तरी अवघड राहत नाहीत.

पुढील मार्गदर्शन पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी, ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्राला जाणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी: नाव (आदल्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी)

दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि पासपोर्ट एका टेबलावर ओळीने मांडावेत आणि प्रत्येकावरचे नाव इंग्रजी स्पेलिंगसह अक्षर न अक्षर वहीत उतरवून काढावे. काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते वेळेवर करणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला आहे.

आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव छापण्याची पद्धत आहे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि उरलेले सगळे, म्हणजे स्वतःचे व बहुतेकदा वडिलांचेही नाव, दुसऱ्या रकान्यात जाते. नावांचा क्रम मागेपुढे झाल्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते स्पेलिंगमुळे. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावातील शेवटचा ‘ए’ गळलेला होता. पाच वर्षे तो कोणाच्या लक्षात आला नाही, आणि आला तेव्हा अर्जाची मुदत महिन्यावर आली होती. असा किरकोळ फरक असल्यास दोन्ही स्पेलिंगांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून ठेवावे. नाव किंवा आडनावच बदललेले असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात तशी नोंद प्रसिद्ध करून घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्याला लागणारा वेळ गृहीत धरूनच पुढची आखणी करावी. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर तो पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण जर्मनीत आडनावाशिवाय एकही अर्ज पुढे सरकत नाही.

नाशिकमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळे या कामासाठी मुंबईची खेप पडत नाही. ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे आणि प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्यांनी अर्जात कोणता पत्ता द्यायचा ते आधी नीट ठरवावे, कारण पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवते. वडिलांचे नाव मधे लावण्याची आपली रीत जर्मनीत कोणाला माहीत नसते. पासपोर्टच्या त्या रकान्यात जे जे लिहिलेले असते ते सगळे तुमचेच नाव मानले जाते. एका दंतवैद्याकडे मी बसले असता आतून सलग तीनदा माझ्या वडिलांचे नाव पुकारले गेले, आणि तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले की बोलावणे मलाच आहे.

दुसरी पायरी: एपीएस, गुण आणि विद्यापीठाची निवड

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. एपीएस हे दिल्लीतील कार्यालय तुमच्या शैक्षणिक कागदांची सत्यता तपासून ते प्रमाणपत्र देते, आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. नाशिकमधील बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत एकत्रित उतारा, तेथूनच मागवावी लागते, आणि ती हातात येईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. म्हणून ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज आधी, एपीएस त्यानंतर आणि विद्यापीठांचे अर्ज त्याच्यामागे, असा क्रम ठेवावा. अनेक विद्यापीठे प्रवेशअर्जासोबतच एपीएस मागतात, तेव्हा हे काम जानेवारीपर्यंत हातावेगळे झालेले बरे.

जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा उत्तीर्णतेचा गुण असतो. आपले गुण त्या पद्धतीत बसवण्याचे सूत्र सोपे आहे: कमाल गुणांतून आपले गुण वजा करावेत, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधील फरकाने भागावे, तीनने गुणावे आणि त्यात एक मिळवावा. १० पैकी ८ सीजीपीए असेल आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल, तर उत्तर २.० येते. अनेक अभ्यासक्रम २.५ पर्यंतच्या गुणांची अट घालतात. ही अट न पाहता दहा ठिकाणी अर्ज करणे म्हणजे शुल्क वाया घालवणे होय. युनि-असिस्ट या सामाईक संस्थेमार्फत अर्ज करताना पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात.

बहुतांश सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, केवळ सत्राचे अंशदान भरावे लागते. याला अपवाद आहेत, आणि ते नेमके आपल्या विद्यार्थ्यांच्या आवडीचे आहेत: बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना दर सत्राला २,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरात सल्लागारांच्या पाट्या भरपूर दिसतात. त्यांपैकी ‘मोफत’ सेवा देणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: तुमचे मानधन कोण देते? परदेशातील खासगी संस्था प्रत्येक प्रवेशामागे दलाली देतात, आणि म्हणूनच काही सल्लागारांच्या यादीत सरकारी विद्यापीठे शोधूनही सापडत नाहीत. जर्मन विद्यापीठांच्या शिष्यवृत्ती व विनिमय संस्थेचे, म्हणजे डाडचे, अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. दोन रविवार त्यावर घालवले, तर सल्लागाराकडे जाण्याची गरज उरते की नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी निदान ए-वन आणि ए-टू या पहिल्या दोन पातळ्यांएवढे जर्मन नाशिकमध्ये असतानाच शिकावे. वर्गात इंग्रजी चालते. घरमालक, नगर कार्यालय आणि विजेच्या बिलावरचा मजकूर जर्मनमध्येच बोलतो. अधिकृत परीक्षेसाठी पुण्याचे किंवा मुंबईचे मॅक्सम्युलर भवन आहे.

तिसरी पायरी: पैसा

वर्षभराच्या राहण्या-खाण्याची तरतूद दाखवण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो ठेवण्याची अट आहे, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. युरो १०० रुपयांचा धरला तर ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. पैसे तुमचेच असतात, परंतु महिन्याला ९९२ युरोंपेक्षा अधिक काढता येत नाहीत, आणि गफलत येथेच होते. पहिल्याच महिन्यात घराची अनामत, पहिले भाडे, सत्राचे अंशदान, गादी, भांडी आणि एखादा जाड कोट असा खर्च एकदम येतो, तोही पहिला हप्ता हाती पडण्याआधी. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटखेरीज दोन ते अडीच हजार युरो फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवावेत. रोख दोन-तीनशे युरो पुरेत.

शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे तारण मागितले जात नाही. त्यापुढे मागितले जाते. आपल्या जिल्ह्यात घरोघरी द्राक्षबागा असल्याने ‘सातबारा आहे ना’ या भरवशावर अनेक कुटुंबे शेवटपर्यंत निर्धास्त राहतात. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा तयार नसतात. फ्लॅट, बिगरशेती भूखंड किंवा मुदत ठेव चालते. बागेची किंमत कितीही असो, ही चौकशी प्रवेशपत्र येण्याआधीच बँकेत करून ठेवावी.

एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या पैशातून परदेशी पाठवल्यास वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापून घेते. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. कापलेली रक्कम बुडत नाही, परंतु ती पाठवणाऱ्याच्या पॅनवर नोंदली जाते. वडिलांच्या खात्यातून पैसे गेले असतील, तर वडिलांच्याच विवरणपत्रात तिचे समायोजन करावे लागेल, हे कर सल्लागाराला आठवणीने सांगावे.

चौथी पायरी: व्हिसा

महाराष्ट्र मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. राष्ट्रीय व्हिसाचे शुल्क ७५ युरोंइतके असून ते रुपयांत भरता येते. बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्यक्ष जावे लागते. वेळ दुपारची मिळाली तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पुरते. सकाळी अकराच्या आतली असेल, तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी अडकली, हे कारण आपल्याला कितीही खरे वाटले तरी त्याने हुकलेली वेळ परत मिळत नाही.

व्हिसासाठी घेतलेला प्रवास विमा निघण्याच्या दिवसापासून सुरू होणारा असावा. विद्यापीठाशी जोडलेला जर्मन आरोग्य विमा सत्राच्या आरंभापासून लागू होतो. सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचणाऱ्याचे मधले दोन आठवडे प्रवास विम्यावरच निघतात.

पाचवी पायरी: पत्ता (प्रवेशपत्र आल्याच्या दिवसापासून)

या पायरीवर मी सर्वांत जास्त रेंगाळणार आहे, कारण जर्मनीतील कामांची साखळी येथून सुरू होते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. ही नोंदणी झाली की करक्रमांक येतो, करक्रमांकावर अर्धवेळ नोकरीचे कागद पूर्ण होतात, आणि बँका तसेच निवास परवाना देणारे कार्यालयही या नोंदणीचा दाखला मागतात. नोंदणीसाठी मात्र घरमालकाने सही केलेले निवासाचे पत्र लागते. ते नसेल, तर पासपोर्ट, व्हिसा आणि बँकेतील बारा लाख असूनही तुम्ही तेथे राहता असे कागदावर सिद्ध होत नाही.

माझी पहिली खोली दुसऱ्या एका विद्यार्थ्याने तीन महिन्यांसाठी पोटभाड्याने दिलेली होती. खोली स्वच्छ, भाडे माफक, ट्राम दोन मिनिटांवर. निवासाचे पत्र मागितल्यावर त्याने थंडपणे सांगितले की मूळ मालकाला मी येथे राहते हे ठाऊकच नाही. पुढचे पाच आठवडे मी रोज संध्याकाळी घर शोधत होते आणि मिळालेली नोकरी करक्रमांकाअभावी लांबणीवर पडली होती. यातून शिकलेली गोष्ट एका वाक्याची आहे: खोली बघण्याआधी, भाडे विचारण्याआधी, ‘येथे आनमेल्डुंग करता येईल का आणि निवासाचे पत्र मिळेल का’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि लेखी उत्तर घ्यावे.

खोली शोधण्याचे मार्ग दोन. विद्यार्थी कल्याण संस्थेची, म्हणजे श्टुडिरेंडेनवेर्कची, वसतिगृहे सर्वांत स्वस्त आणि कागदपत्रांच्या दृष्टीने निर्धोक असतात. त्यांची प्रतीक्षायादी लांब असल्याने प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच अर्ज करावा, प्रवेश पक्का होण्याची वाट पाहू नये. दुसरा मार्ग वेगेचा. तीन-चार जण मिळून एक घर घेतात, प्रत्येकाची खोली स्वतंत्र आणि स्वयंपाकघर सामाईक असते. आधीचे रहिवासी तुमच्याशी व्हिडिओवर अर्धा तास गप्पा मारून निवड करतात. या गप्पांना मुलाखत समजून विद्यापीठातील गुण सांगत बसू नये. भांडी कोण कधी घासते, स्वयंपाकात मांसाहार चालतो का, रात्री दहानंतर शांतता पाळली जाते का, असे साधे प्रश्न विचारणारा माणूस त्यांना हवा असतो.

जाहिरातीत दोन भाडी दिसतात. ‘काल्ट’ म्हणजे नुसत्या जागेचे आणि ‘वार्म’ म्हणजे हीटिंग व इतर खर्च धरून. तुलना नेहमी ‘वार्म’ची करावी. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या ‘काल्ट’ भाड्याहून अधिक घेता येत नाही. मालक सध्या दुसऱ्या देशात आहे, पैसे पाठवले की किल्ली टपालाने येईल, असे सांगणारा प्रत्येक मनुष्य लबाड समजावा. फोटो कितीही सुंदर असले तरी.

आणखी एक. ‘विनाफर्निचर’ या शब्दाचा तिकडचा अर्थ आपल्यापेक्षा कडक आहे. अशा घरात स्वयंपाकाचा ओटा नसू शकतो आणि छतातून दिव्याऐवजी नुसत्या वायरी लोंबत असू शकतात. पहिल्या रात्री मोबाइलच्या उजेडात बॅग उघडायची नसेल, तर दिवा आणि ओटा आहे का, हेही विचारून घ्यावे.

सहावी पायरी: बॅग

येथे आईशी भांडण अटळ आहे, म्हणून नियम आधीच तिला दाखवावेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. म्हणजे साजूक तुपाची बरणी नाही, पेढे नाहीत, खव्याच्या पोळ्या नाहीत. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्त्यासारखी पाने प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, तेव्हा द्राक्षे नाशिकलाच खाऊन घ्यावीत. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि नाशिकचा चिवडा यांना अडचण नाही. तांदूळ, डाळी, हळद, मोहरी तेथील आशियाई दुकानांत सहज मिळतात. त्यांच्यावर किलो खर्च करू नयेत.

कुकर न्यावा, परंतु सपाट बुडाचा आणि इंडक्शनवर चालणारा; गोल बुडाची कढई तेथील सपाट शेगडीवर नुसती डुलत राहते. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे. आपली बारीक दोन पिनांची चार्जर तेथील सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांची बसत नाहीत. एक ॲडॉप्टर आणि आपल्याकडचा एक एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्यावर काम भागते. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह तीन महिन्यांपुरती घ्यावीत, कारण तेथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. जाड कोट येथे विकत घेऊ नये. नाशिकच्या थंडीसाठी बनलेला कोट तिकडच्या जानेवारीत उपयोगाचा नसतो.

मूळ कागदपत्रे, पॉवर बँक आणि एका दिवसाचे कपडे हातातल्या बॅगेत. बाकीच्या बॅगा घरीच ताणकाट्यावर तोलून पाहाव्यात. विमानतळावर सर्वांसमोर बॅग उघडून लोणच्याची बरणी बाबांच्या हाती परत देण्याचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे.

सातवी पायरी: प्रवास

मुंबईहून युरोपची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारखेची रात्रीची १ वाजून १० मिनिटे असतील, तर नाशिकहून १४ तारखेच्या दुपारी निघायचे असते. हे लिहिणे बालिश वाटेल, पण या एका तारखेने विमाने चुकलेली आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून घाटाचा ताप कमी झाला असला, तरी पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच.

उतरण्याचा दिवस सोमवार किंवा मंगळवार निवडावा. शनिवारी रात्री पोहोचणाऱ्याला रविवारी जवळजवळ सर्व दुकाने बंद सापडतात. खोलीची किल्ली देणारे वसतिगृहाचे कार्यालयही बंद असते.

आठवी पायरी: पहिले दोन आठवडे

नगर कार्यालयाची वेळ नाशिकमधूनच ऑनलाइन घेऊन ठेवावी. मोठ्या शहरांत ती आठवडेच्या आठवडे मिळत नाही. सोबत पासपोर्ट, घरमालकाचे पत्र आणि भरलेला अर्ज न्यावा. अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तो केवळ माहितीसाठी नाही: तेथील कर वसूल करणाऱ्या चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाल्यास पुढे उत्पन्नावरील कराच्या ८ ते ९ टक्के इतका चर्चकर लागतो. ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी हा रकाना समजून-उमजून भरावा.

विद्यापीठात नाव नोंदवण्यासाठी आरोग्य विम्याचा पुरावा लागतो आणि तो विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर कळवते. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विम्याचा सवलतीचा दर मिळतो, जो महिन्याला साधारण दीडशे युरोंच्या आसपास आहे. खासगी विमा स्वस्त दिसला म्हणून एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. माझे मत विचाराल तर हे पन्नास-साठ युरो वाचवू नयेत.

आता टपालपेटी. जर्मनीत पत्त्यावर सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचे नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि करक्रमांक, बँकेचे कार्ड, त्याचा पिन, विम्याचे कार्ड हे सगळे टपालानेच येते. म्हणून किल्ली हातात पडताच, बॅगा वर नेण्याच्याही आधी, कागदाच्या पट्टीवर पासपोर्टप्रमाणे आडनाव लिहून ती पेटीवर आणि दाराच्या घंटेवर चिकटवावी. वेगेत राहत असाल तर इतरांच्या नावांखाली आपली पट्टी लावावी. मी त्या पट्टीसाठी चिकटपट्टी विकत घ्यायला गेले आणि दुकानात तिला जर्मनमध्ये काय म्हणतात ते आठवेना. शेवटी नाशिकहून आणलेल्या मेतकुटाच्या पाकिटावरची चिकटपट्टी सोलून लावली. ती वर्षभर टिकली.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी दूरदर्शन-आकाशवाणी शुल्काचे पत्र येते. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नये. महिन्याला १८.३६ युरोंचे हे शुल्क घरामागे असते, माणसामागे नाही. वेगेत आधीच कोणी भरत असेल, तर त्याचा क्रमांक कळवला की तुमचे नाव कमी होते.

तातडीसाठी तीन क्रमांक पाठ असावेत: रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०, आणि दवाखाने बंद असताना जिवावरचे नसलेले दुखणे निघाल्यास ११६११७.

नववी पायरी: काम आणि निवास परवाना

मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. पहिल्या सत्रात मात्र नोकरीच्या भरवशावर भाड्याचे गणित बसवू नये. परीक्षा फेब्रुवारीत येतात आणि त्यांची खरी कल्पना जानेवारीत येते.

प्रवेश व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी निवास परवान्याचा अर्ज परदेशी नागरिक कार्यालयात दाखल झालेला असला पाहिजे. प्रत्यक्ष भेटीची वेळ नंतरची मिळाली तरी चालते, परंतु अर्ज मुदतीच्या आत केल्याचा पुरावा, निदान ईमेलची पोच, जपून ठेवावी.

दहावी पायरी: नाशिकचे घर

परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी धरला जातो, म्हणून येथील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयांतील खाते, करून घ्यावे लागते. भारतीय सिम बंद पडू देऊ नये. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, तेव्हा निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून ठेवावे आणि रिचार्जची जबाबदारी घरातल्या एकाकडे नाव घेऊन सोपवावी. सर्व कागदांच्या रंगीत प्रतींचा एक संच घरी ठेवावा आणि कोणता कागद कुठल्या फाइलमध्ये आहे, हे भावंडाला दाखवून जावे.

शेवटचे काम भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. तुम्ही रोज तेथील संध्याकाळी सहाला फोन करत असाल, तर नाशिकला तो रात्री साडेनऊला वाजतो. त्या रविवारपासून तोच फोन साडेदहाला वाजेल. ती तारीख निघण्यापूर्वी पेनाने गोल करून ठेवावी. आमच्या घरी ती केलेली नव्हती. त्या रविवारी मी तळघरात, जेथे मोबाइलला रेंज नव्हती, कपडे धुण्याचे यंत्र थांबण्याची वाट पाहत बसले होते आणि वर आल्यावर पाहिले, तर साडेनऊ ते साडेदहा या एका तासात आईचे अकरा फोन येऊन गेले होते.